हस्ताक्षर अज्ञात

कुताइसीच्या वाचनालयात, दुसऱ्या मजल्यावर,
नाटककाराचा चष्मा आम्ही मखमलीवर ठेवला होता.
शेजारी राणीचा झगा, काखेत घामाचा डाग.
तो धुवायचा नाही, असं मीटिंगमध्ये ठरलं.
चिठ्ठ्या मीच लिहिल्या, प्रत्येक वस्तूखाली एक.

मंगळवारी त्सियालाबाई आल्या, ओल्या छत्रीसकट.
झग्यापाशी रेंगाळल्या नाहीत,
चष्म्याकडे पाहिलंही नाही.
थेट प्रॉम्प्टरच्या वहीपाशी:
समासात जांभळ्या पेन्सिलीची खरड,
खाली माझी चिठ्ठी, "हस्ताक्षर अज्ञात".

वाचताना ओठ हलत होते.
आवाज नाही, नुसता श्वास,
पहिल्या रांगेलाही कळू नये इतपत.

मग म्हणाल्या,
"बेसो अडखळला त्या रात्री.
पानं चिकटलेली, माझाच चहा सांडलेला.
सुचलं ते पुटपुटले. तो तेच बोलला.
लोक रडले, मेले!
ओतिया विंगेत उभा होता.
दुसऱ्या दिवशी वाक्य लिहून घेतलं त्यानं
आणि मला किलोभर साखर दिली.
तेव्हा साखर मिळत नव्हती."

कुठलं वाक्य?
छत्रीचं टोक भिंतीकडे गेलं.
तिथे हातभर उंच, सोनेरी अक्षरांत:
दिवा राहू दे कुणी अजून बाहेर आहे

चिठ्ठी बदलते म्हटलं, तर हसल्या.
"ते असू दे गं.
पण 'राहू दे'नंतर स्वल्पविराम हवा.
तिथे मी श्वास घेतला होता."

संध्याकाळी, कुलूप लावण्याआधी,
मी तळघरातून शिडी आणली
आणि काळ्या चिकटपट्टीचा
नखाएवढा तुकडा कापला.