जवाएवढा अंधार

दोन मिलिग्रॅम. पांढरी, गोल.
जेवणानंतर, निजायच्या आधी तासभर.
"हिल्का, चावायची नाही हं," डॉक्टरीण म्हणाली,
"ती सावकाश विरघळायला हवी."
मेंदूत म्हणे जवाच्या दाण्याएवढी ग्रंथी असते,
अंधार पडला की पाझरते,
आणि वयोमानानं आटते.
गाईसारखी, मी म्हटलं.
ती हसली नाही. गाय जवळून पाहिली नसावी.

पण जूनमध्ये केमीत अंधार मागायचा कुणाकडे?
मध्यरात्री सूर्य खाडीत पाय बुडवतो
आणि गार लागलं म्हणून लगेच वर काढतो.
मी काळे पडदे शिवले, दुहेरी अस्तराचे,
तरी कडेनं उजेडाची एक पट्टी आत येते
आणि ताउनोच्या उशीवर बसते.

कागदाच्या गिरणीत आम्ही एकतीस वर्षं.
मी दिवसपाळीला, कागद निवडायला,
तो रात्रपाळीला, तीन नंबरच्या मशीनवर.
तो आत यायचा, मी उठायची;
आमचं अंथरूण कधी गार पडलं नाही.
मी सोडलेल्या खळग्यात तो निजायचा,
अंगाला ओल्या लगद्याचा वास,
आणि मी बुटाची नाडी बांधेपर्यंत घोरायला लागायचा.
एकमेकांना झोपलेलं आम्ही पाहिलं
ते फक्त रविवारी.

आता सगळेच वार रविवार,
आणि डोळ्याला डोळा नाही.

अडीच वाजता समोरच्या इमारतीतला वेइक्को
बाल्कनीत मासे साफ करत असतो.
तोही गोळीवालाच.
मला पाहून हात करतो, सुरीसकट.
दिवसा दुकानात भेटलो तर
आम्ही बटाट्यांच्या भावाबद्दल बोलतो.

गुण येतो का?
पहिला आठवडा काहीच नाही.
मग एका रात्री, एकच्या सुमाराला,
मोज्याची टाच विणता विणता मान कलली.
जाग आली तेव्हा सव्वासहा.
गिरणीला कुलूप लागलं, भोंगा भंगारात गेला,
तरी माझ्या आत कुणीतरी अजून हजेरी घेतं.
सव्वासहाला त्याची सायकल भिंतीला टेकायची.

"किती तास झोपलात?"
डॉक्टरीण विचारते, नजर पडद्यावर.
पाच, मी सांगते.
"तुमच्या वयाला वाईट नाही."

तिला हे सांगत नाही,
की सव्वासहाला मी उठत नाही.
भिंतीकडे सरकते,
आणि ऊब धरलेली बाजू
मोकळी करते.