झाकण उघड आन् ऐक

बोगद्यापर्यंत तक्रार नाही.
सज्जनगडाचा फाटा गेला, तरी नाही.
ठोसेघर मागे पडून चाळकेवाडीचा चढ लागला
की तिसऱ्या गिअरात ती दम टाकते.
मूठ पिळावी तर आवाज उलटा खाली जातो,
मग दोन गचके, आणि शांत.
पंधरा दिवस त्याच दगडाशी, त्याच वळणावर.

समोर अख्खं पठार फिरत असतं.
एकशे चौदा नंबरची पवनचक्की माझ्याकडे,
तिच्या शेजारच्या सहाही.
पन्नास मीटर शिडी चढून
मी त्यांचं बेअरिंग नुसत्या कानाने ओळखतो,
आणि खाली ही, एका सिलिंडरची, उंच पायांची,
कंपनीने कधीच बंद केलेली,
हिचंच तेवढं कळत नाही.

ज्याने जे सांगितलं ते केलं.
प्लग बदलला.
कार्बोरेटर उतरवून वाटी उघडली, तळाशी
साबुदाण्याएवढे पाण्याचे दोन थेंब,
पेट्रोलखाली लपून बसलेले. टिपले.
जेट उजेडाला धरला:
केसाएवढ्या भोकातून अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर दिसला.
फ्लोट कानाशी हलवला. कोरडा.
थ्रॉटलची केबल कुणीतरी चुकीच्या बाजूने ओवलेली,
हँडल डावीकडे वळलं की गाडी आपोआप किंचाळायची.
ती काढून नीट ओवली,
मुठीला रुपयाच्या जाडीएवढी ढिलाई ठेवली.
लोण्यासारखी चालली.
ठोसेघरपर्यंत.

मग गोडोलीच्या दस्तगीर मुलाणींना फोन लावला.
मोतीबिंदूनंतर गॅरेज पोरगा बघतो,
चाचा बाहेर बाकड्यावर बसून
येणाऱ्या गाड्या ऐकतात.
वाऱ्यात त्यांचे अर्धे शब्द उडत होते.
"आत्ता बंद पडली न्हवं? काय बी सोडू नगं.
टाकीचं झाकण उघड. हळू. आन् ऐक."

फिरवलं झाकण.
आणि टाकीने श्वास घेतला.
स्स्स... लांब, आत ओढलेला,
रडून थकलेल्या लेकराचा असतो तसा.

"आलं ऐकू?"
आलं.
"मंग पेट्रोल हाय रं. तिला वारा कमी पडतोय."
वारा!
चाळकेवाडीत!
मी हसलो. तेही हसले, मग बराच वेळ खोकले.
"वरनं हवा आत गेल्याबिगर खालनं थेंब सुटत न्हाय.
झाकणाची बारकी नळी असती बघ. तिचं टोक हुडिक."

टोक इंजिनाच्या मागे, चाकाकडे लोंबत होतं.
तोंडाशी माती. रस्त्याची नव्हे,
थुंकीने मळलेली, बोटाने सारवल्यासारखी.
कुंभारीण माशी.
दिवाळीत आठवडाभर गाडी शेडमध्ये उभी होती,
तेवढ्यात हिने बिऱ्हाड मांडलं.

ब्लेडने दोन इंच नळी कापली, आत डोकावलो:
कोळ्यांचे सुटे पाय,
आणि गव्हाच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरं,
पोटभर जेवून निजलेलं.

गाडी पहिल्या किकला सुरू झाली.
चाचांनी फोनवरूनच फायरिंग ऐकलं.
"पाव आटा उघड. आनी जरा. बास, बास."
पैशांचं काढलं तर फोन ठेवून दिला.

तुकडा दरीत भिरकावायला हात उचलला होता.
का कुणास ठाऊक,
एकशे चौदाच्या दारामागे, फ्यूजच्या पेटीवर ठेवला.
काही दिवसांनी, शिडीला हात घालण्याआधी, सहज पाहिलं:
मातीला भोक. आत कुणी नाही.

नळीच्या तोंडाला आता बारीक जाळी बांधलीय,
चहाच्या गाळणीची.
घरी अजून कळलेलं नाही.