जागेची पाहणी

माझं काम काच पुसण्याचं.
मुलुंडपासून सुमननगरपर्यंत एकोणीस खांब,
खांबावर करडी पेटी, पेटीला एक डोळा,
डोळ्यावर डिझेलची साय.
मी शिडीवर असतो तेव्हा खालून जाणारे
शिव्या मला देतात, पेटीला नाही.

परवा पालिकेच्या शाळेत सभा झाली,
हरकती आणि सूचना.
तिसरीच्या बाकांवर मोठी माणसं
गुडघे पोटाशी घेऊन बसलेली,
फळ्यावर अजून सातचा पाढा.

टॅक्सीवाले इलियासभाई चलनांची चळतच घेऊन आले.
"उतारावर लावलाय साहेब, ऐन उतारावर!
पुलावरून गाडी आपसूक सुटते.
वेगाची पाटी पिंपळाच्या फांदीआड,
आणि पाटी दिसेपर्यंत फोटो निघालेला.
गावी आम्ही उंदरालासुद्धा
सापळ्यात खोबरं ठेवायचो."
हशा पिकला. साहेबही हसले.

टॉवरमधले दस्तूर म्हणाले, रात्री दीड वाजता
बाइकवाली पोरं अशी जातात की तावदानं थरथरतात,
कॅमेरा आमच्या फाटकासमोर हवा.
मागून कुणीतरी:
"तुमची गाडी बाहेर पडायच्या आधी की नंतर?"

मग घाडीगावकर बाई उठल्या.
हातात अर्ज नाही, भाजीची पिशवी.
"डेपोमागच्या वळणावर का नाही?"

साहेबांनी नकाशा उलगडला. लाल ठिपके.
वळणावर ठिपका नव्हता.
"तीन वर्षांत तीन मृत्यू झाले तर ठिपका पडतो, ताई.
तिथे दोन आहेत.
शिवाय खांब नाही, वीज नाही, केबल पोचत नाही."

"दोनातला एक माझा," बाई म्हणाल्या.
आणि जरा थांबून,
जुडीचा भाव विचारावा तशा,
"मग तिसरा कुणाचा धरलाय?"

पंखा फिरत राहिला.
इतिवृत्तात ओळ पडली: सूचनेची नोंद घेतली.

खरं सांगू? जागा कुणी निवडलीच नाही.
दिवा होता तिथे वायर होती,
वायर होती तिथे पेटी बसली.
गल्ला भरायला म्हणावं तर तसंही नाही,
जीव वाचवायला म्हणावं
तर तसंही नाही.
डोळा बिचारा उजेडामागे गेला,
आणि माणसं मरतात ती वळणं
काळोखातच राहिली.

गोदामात एक मेलेली पेटी पडून होती.
आतलं सगळं कंपनीने काढून नेलेलं,
काच तेवढी शाबूत.
रजिस्टरमध्ये तिचं नाव नाही.
रविवारी पहाटे वळणावर
मांडववाल्याकडचा वासा पुरला.
शिडी घाडीगावकर बाईंनी धरली.

"आत काय आहे?" खालून विचारलं.
"काही नाही."
"बरं," त्या म्हणाल्या,
"जरा डावीकडे वळवा."

चार दिवसांत डंपर कचकन ब्रेक मारू लागले.
टेम्पोवाले वळणाआधीच सभ्य होऊ लागले.
पंधराव्या दिवशी अर्ज आला:
डेपोमागचा कॅमेरा जाचक असून
ही निव्वळ वसुली आहे, ताबडतोब हटवावा.
अडतीस सह्या,
पहिलीच इलियासभाईंची, उर्दूत, ठसठशीत.
चलन मात्र एकालाही आलेलं नव्हतं.

साहेब फायली उपसतायत,
पेटी नेमकी कुणाच्या खात्यातली.
मला विचारलं. मी म्हटलं,
मी फक्त काच पुसतो.

मंगळवारी विसावी पुसायला जातो.
वासा थोडा कललाय, पावसाळ्याआधी बघायला हवं.
बाई त्याच वेळी दूध घेऊन रस्ता ओलांडतात.
दुभाजकाशी क्षणभर थांबतात,
वर बघतात,
पदर सारखा करतात.