अडतीस टक्के

सिव्हिलच्या सतरा नंबर खोलीत
डॉक्टरांनी बाबांना आधी कन्नडात विचारलं,
मग माझ्याकडं बघून मराठीत.
बाबा दोन्ही वेळा सारखेच हसले.
या जिल्ह्यात दोन्ही भाषांना इतकं समान वागवणारा
दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

नाव मष्णू भरमा कणबरकर.
आधारवर मसणू झालंय.
वय एकोणसाठ.
उद्यमबागेत एकतीस वर्षं फेटलिंगला,
म्हणजे ओतून आलेल्या लोखंडाच्या कडा
ग्राइंडरनं घासून काढायच्या
आणि कानात कापसाचा बोळा,
तोही घरच्या गादीतला.

अर्ज नातवानं भरला.
त्याला कन्नड शाळेत घातला तेव्हा
भावकीत कोण काय बोललं ते मला पाठ आहे.
बाबांनी तेव्हाही ऐकलं नव्हतं.
आता तोच पोरगा कट्ट्यावर पालथा पडून
एकेक रकाना वाचतो, मला मराठीत सांगतो,
आणि 'अंगविकलतेचं कारण' इथं पेन थांबवून विचारतो,
आई, आवाज असं लिहू काय?

तपासणीला काचेची पेटी, एका माणसापुरती.
पलीकडं यंत्रावर एक मुलगी.
आवाज आला की बटण दाबायचं,
मी हातवारे करून सांगितलं.
बाबांनी दाबलं. दिवा लागला.
परत दाबलं.
इतकं बरोबर, की मीच घाबरले.
मग दिसलं,
त्यांची नजर काचेतून तिच्या मनगटावर होती.
बांगडी हलली की अंगठा हलायचा.

भट्टीवर असंच तगायचं असतं.
साखळी सुटली, पट्टा तुटला, कुणी ओरडलं,
समोरच्याचा हात ज्याला वाचता येत नाही
त्याच्या हाताची बोटं कमी होत जातात.
बाबांची दहाच्या दहा आहेत.

कागदावर अडतीस टक्के आले.
चाळीस लागतात.
दोन टक्क्यांचं काय करायचं, मी विचारलं.
क्लार्क मान वर न करता म्हणाला, मूरु तिंगळु बिट्टु बन्नी.
तीन महिने.
आणि बाबा, सगळी रांग वळून बघेल इतक्या मोठ्यानं,
"काय म्हणूलालेत? पास झालो न्हवं?"

घरी वहीत लिहून दाखवलं,
पुढच्या वेळी तिच्याकडं बघायचं नाही.
बाबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला.
"बघायचं न्हाई तर ऐकायचं कसं?"

तीन महिन्यांनी तिनं खुर्ची भिंतीकडं फिरवली.
मीच सांगितलं होतं, कानात, अगदी हळू,
बाबांना ऐकू जाईल या जुन्या सवयीनं.
भिंतीवर लसीकरणाचा तक्ता, त्यात एक रडकं बाळ.
बाबा त्या बाळाकडं बघत बसले,
अंगठा बटणावर, ग्राइंडर चालू करायच्या तयारीत असल्यासारखा.
बांगडी हलली. काही नाही.
बांगडी हलली. काही नाही.
इतकी वर्षं सौंदत्तीला जाऊन
यल्लम्माकडं बाबांचे कान मागितले होते.
त्या दिवशी मूठ आवळून उलटं मागत होते,
लागू नको, लागू नको.

मग ती मुलगी पाणी प्यायला थांबली.
दोन्ही हात यंत्रापासून लांब, बाटलीवर.
आणि दिवा लागला.

लागूनच राहिला.
बाबांनी अंगठा उचललाच नाही,
मान जरा कलती,
लांबून कुणी हाक मारलेली असावी तशी.

मुलीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.
तिनं ते कागदावर घेतलं नाही.

कार्ड टपालानं येईल म्हणालेत.
काय ऐकलात, ते मी बाबांना अजून विचारलेलं नाही.
विचारायचं तर ओरडून विचारावं लागेल,
आणि मजगावात आमची गल्ली अरुंद आहे,
घरं अगदी लागून.