चावीवाल्याचा उन्हाळा

यंदा एप्रिलातच पाणीकपात लागली.
लोकांचं पाणी रोज पंचवीस मिनिटांनी कमी झालं,
ती पंचवीस मिनिटं माझ्या वाट्याला आली.
असल्फ्याच्या चढावर, दत्ताच्या देवळामागे,
झडपेच्या लोखंडी झाकणाशेजारी गोणपाट टाकून
मी कादंबऱ्या वाचल्या. सात.
आठवी अर्धी राहिली, तिचं पुढे सांगतो.

पुस्तकं मार्केटच्या माडीवरच्या वाचनालयातली.
शेजवलकर बाई जूनमध्ये रिटायर व्हायच्या होत्या,
म्हणाल्या, न्या हो भोसतेकर, दोन-दोन न्या,
कोण विचारतंय आता.

पहिलीत दोन भाऊ फणसाच्या झाडावरून कोर्टात जातात.
दोनशेव्या पानावर झाड वादळात आपसूक पडतं,
भांडण पुढे दीडशे पानं चालतं.
मी एकटाच हसलो, समोरचं कुत्रं उठून बसलं.
मग दिगू आठवला.
आमचं आईच्या कपाटावरून.
कपाट भंगारात जाऊन नऊ वर्षं झाली.
(दिगूला अजून फोन केलेला नाही.
कादंबरी वाचली म्हणजे माणूस लगेच सुधारतो
असं कुठल्याच कादंबरीत लिहिलेलं नव्हतं.)

तिसरीत काही म्हणजे काहीच घडत नाही.
एक नर्स बदलीच्या कागदाची वाट बघते, पावणेतीनशे पानं.
वैतागून पुस्तक मिटलं, चावी लावली,
एकोणतीस फेरे फिरवले,
आणि वर टेकडीवर चारशे घरांत हंडे वाजायला लागले.
तिथंही लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं.
मग परत उघडलं, नर्सपाशी जाऊन बसलो.

एकीत कुणीतरी पेन्सिलीनं खूण केली होती,
'माणूस मुळातून बदलत नाही' या वाक्याला.
बाजूला लिहिलेलं: अगदी खरं.
त्याखाली दुसऱ्या अक्षरात, निळ्या शाईनं:
माझी सासू बदलली.
मी दोन्ही वाक्यं बराच वेळ बघत राहिलो.
दोघांपैकी कुणी खोटं बोलत असेल असं वाटेना.

आठवीची शेवटची सोळा पानं कुणी फाडून नेलेली.
बाई म्हणाल्या, शेवट मला पाठ आहे, सांगू?
नको म्हटलं.
बायको गेली तेव्हाही डॉक्टर असंच विचारत होते,
सांगू का, नेमकं काय झालं ते.
तेव्हा हो म्हटलं होतं. काही उपयोग झाला नाही.

आणि सहावी. ती मुद्दाम मागे ठेवली.
बाप शिंपी. तोंडातून शब्द नाही.
मुलाच्या प्रत्येक शर्टाला आतल्या बाजूनं
एक जादा गुंडी शिवतो, तुटली तर असावी म्हणून.
मुलगा शिकतो, लांब जातो,
बापाला माझं काही नव्हतंच, असं बायकोला सांगतो.
मला राग आला. अरे, गुंडी बघ की मेल्या!
मग लक्षात आलं, ती मी बघतोय.
तीनशे पानं बापाच्या शेजारी बसलोय मी.
मुलगा कुठे वाचत होता?
त्याला नुसता शर्ट मिळत होता.

त्या पहाटे सव्वाचारला पाणी सोडलं
आणि पावणेपाचला हर्षलला फोन लावला, ठाण्याला.
घाबरून उचलला त्यानं. बाबा? काय झालं?
काय सांगणार.
तोंडातून निघालं ते हेच:
तुमच्याकडे पाणी येतं ना नीट?
येतं, म्हणाला. प्रेशर कमी आहे जरा.
कितव्या मजल्यावर रे तू?
चौदाव्या.
चार वर्षं राहतोय तो तिथं.
चौदा म्हणजे पाण्यालाही दमछाक, म्हटलं.
तो हसला असावा.
टाकीचं विचारलं, मग पंपाचं,
मग पंपाच्या पलीकडचं थोडंसं.

त्या दिवशी झडप सहा मिनिटं उशिरा बंद झाली.
वहीत नेहमीचीच वेळ लिहिली.