आठे

डॉक्टर भामरेंनी दात बघितले, म्हणाले, सात वर्षांची असेल,
आठचीही असेल. साक्री रोडच्या वीटभट्टीवरची.
भट्टी बंद झाली, माणसं गेली, ही खुंट्याला राहिली.
गळ्याभोवती दोराचा वळ, तिथं केस परत येणार नाहीत.
"हात डोक्यावरून नेऊ नका, खालून न्या.
आणि नावाची घाई नको. तिला एक असणार,
आपल्याला माहीत नाही एवढंच."

देवपुरातलं माझं घर दोन खोल्यांचं.
तिनं तिसरी शोधून काढली:
कूलरच्या स्टँडमागची, जिथं वाळ्याचं पाणी ठिबकतं
आणि चव्वेचाळीस डिग्रीतही फरशी ओली असते.
तिथून दिसतात दोन डोळे
आणि टोक कापलेला एक कान.

चार दिवस मी माझ्याच घरात चोर.
झाडू पदराआड नेते,
कुकर वाजण्याआधी सांगते, "आता वाजेल हं."
माझ्यासमोर ती खात नाही.
रात्री उचलते, चपलांच्या रॅकमागे दडवते.
सकाळी तिथं कळण्याच्या भाकरीचे तीन तुकडे
आणि चौथा माझ्या डाव्या चपलेत.
मी हात लावत नाही.
उद्याचा भरवसा नसलेल्या जिवाची ती तिजोरी,
मी कोण उघडणारी.

हाका मारून बघितल्या.
ये बाळा. ये ना राणी. इकडे ये. बस.
एकतीस वर्षं शाळेत शुद्धलेखन घातलेला आवाज,
ऱ्हस्वदीर्घासकट.
कान हललासुद्धा नाही.

शनिवारी अंगणातल्या निंबाला झोका बांधायला घेतला.
शेजारची भारती आखाजीला माहेरी आलेली,
तिच्या पोरींसाठी.
दोर फांदीवरून सळसळत खाली पडला
आणि उघड्या दारातून, कूलरमागून, असा आवाज आला
की मी तो कुत्र्याचा म्हणून ओळखला नसता.
फरशी आणखी ओली झाली.

दोर गुंडाळून ठेवला. पोरी रडल्या.
भारती म्हणाली, "मावशी, कुत्रीसाठी कोणी
आखाजीचा झोका सोडतं का?"
मी म्हटलं, "तू आलीस ना माहेरी. आता हिला..."
पुढचं वाक्य सापडलं नाही.

सोमवारी दूधवाले लोटन आप्पा आले.
किटली ठेवली, उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले,
आत न बघताच, तंबाखू मळत म्हणाले,
"आठे ये वं माय. आठे ये."

आणि ती आली.
पोट फरशीला घासत, शेपूट पायांत घालून,
दारापर्यंत, पण आली.
आप्पांनी मापलं, पैसे मोजले, गेले.
त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

दूध तापवायचं राहून गेलं.
आई अशीच हाक मारायची, मळ्यातून.
मी कॉलेजात गेले, मैत्रिणी घरी आल्या,
तेव्हा तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं,
"आई, आठे नाही गं. इथे."
तिनं मान डोलावली.
पाहुण्यांसमोर नंतर ती फक्त चहा आणायची.

रात्री दिवा मालवून जमिनीवर बसले,
तिच्याकडे पाठ करून, डॉक्टरांनी सांगितलं तसं.
तोंड कोरडं.
"आठे ये," म्हटलं. सूर कुठं तरी चुकला.
पुन्हा म्हटलं. "आठे ये वं.
आठे तुले कोनी मारत नही."
अंधारात कूलरचं पाणी ठिबकत राहिलं.
कोणी आलं नाही.
मी मात्र बराच वेळ बोलत बसले,
आधी तिच्याशी, मग कोणाशी ते नीट सांगता येणार नाही.

सकाळी डाव्या चपलेतला तुकडा गेला होता.
चप्पलही गेली होती.
कूलरमागे सापडली, तिच्या हनुवटीखाली,
अंगठा कुरतडलेला.
मी जुनी जोडी घालून बाजारात गेले, आंबे आणले.

नाव अजून ठेवलेलं नाही.
झोक्याचं पुढच्या आखाजीला बघू.