तिसरा ढीग

सावळजच्या शेडवर नऊला टेबल लागतं,
पोत्यातनं बेदाणा ओततात आणि आम्ही सहाजणी
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा खाली बुट्टीत.
बोटं चालतात, तोंडंही चालतात.
सात वर्षं झाली.

कार्तिकी अंगणवाडीत जाती. साडेचार वर्षांची.
शेजारच्या इंग्लिश मिडियमच्या शौर्यला
शंभरपर्यंत येतं, झेडपर्यंत येतं,
हिला पाटीवर दोन काढ म्हटलं
तर बदक काढती.
बदकाला पाय. पायात चपला.

तिच्या पप्पांनी अंकलिपी आणली, सोबत पट्टीही.
पट्टी कपाटावरच राहिली,
पण दिसत राहिली.

शनिवारी मुलाणीबाई आल्या,
गृहभेटीचं रजिस्टर काखेत.
मी म्हटलं, बाई, हिचं काहीच पुढं सरकंना.
त्यांनी चहा घेतला. रजिस्टर उघडलंच नाही.
ताटलीत मूठभर बेदाणा होता,
तो पोरीपुढं सरकवला. "आई करती तसं कर."

ती मांडी घालून बसली. हिरवा. पिवळा. हिरवा.
मग एक दाणा चिमटीत धरून उजेडात नेला
आणि मधेच ठेवला, एकटा.
त्याच्याजवळ दुसरा. तिसरा.

"किती झाले?" असं बाईंनी विचारलं नाही.
विचारलं, "हे इथं का गं?"
"हे अजून निघालेत."
"कुठं?"
"पिवळ्याकडं. चालत."

शेडवर असला दाणा आम्ही
न बघता पिवळ्यात लोटतो,
टेबलावर थांबायला सवड नसती.
बाई म्हणाल्या, "हे गणितच आहे, ताई.
मी वर्गात चिंचोके देते, तुमच्याकडं बेदाणा."
मला हसूच आलं.
मुकादम वहीत त्याला निवडाई लिहितो.

दारात उभं राहून पप्पांनी विचारलं,
"मग लिहिणार कधी?"
"बोटं तयार होतायत. तोवर कणीक मळू द्या,
तुमच्या शर्टाची बटणं लावू द्या.
आणि ती बोलायला लागली की मधे पुरं करू नका तिचं."

सोमवारी टेम्पो बाहेर हॉर्न देत होता
आणि हा माणूस उंबऱ्यावर गुडघे टेकून,
छाती पुढं काढून, गप्प.
पोरीनं जीभ बाहेर काढून पाच बटणं लावली.
एक घर चुकलं, कॉलर वाकडी झाली.
मी काही बोलले नाही.
त्याला कळलं असणार. तसाच गेला,
मार्केट यार्डात दिवसभर तसाच.

त्या दिवशी टेबलावर माझीही बोटं अडली.
हिरवाही नाही, पिवळाही नाही.
"झोप लागली का गं?" मुकादम ओरडला.
मी दाणे पदराच्या टोकाला बांधले.
संध्याकाळी गाठ सोडून तिच्यापुढं ठेवले,
म्हटलं, हे बघ, निघालेले.

तिनं मोजले नाहीत.
खाल्ले.